शून्य आणि रेघ

हिशोबावर बोलायला कुणी बोलावले की मला माझी पहिली नोकरी आठवते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मी एका जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात कारकून म्हणून लागलो. मार्च संपला की सगळ्या पंचायत समित्यांकडून वर्षाचे आकडे यायचे. त्यांची बेरीज करून साऱ्या जिल्ह्याचा मिळून एक वार्षिक लेखा तयार करायचा, हे आमचे काम. जुन्या मराठी दफ्तरांत अशा बेरजेच्या कागदाला तेरीज म्हणत. आम्ही गोषवारा म्हणायचो.

त्या वर्षी एका तालुक्याचे आकडे आलेच नाहीत. पत्रे झाली, स्मरणपत्रे झाली, खास पाठवलेला शिपाई एस.टी.ने जाऊन हात हलवत परत आला. शेवटच्या दिवशी मी त्या तालुक्याच्या रकान्यात ओळीने शून्ये मांडली, बेरीज जुळवली आणि कागद लेखाधिकाऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला.

‘‘ही शून्ये कुठून आली?’’

‘‘साहेब, त्यांचे आकडे आले नाहीत.’’

‘‘मग शून्य कसे? अरे, शून्य हा आकडा आहे. शून्य लिहिलेस म्हणजे त्या तालुक्यात वर्षभर एक पैसा खर्च झाला नाही असे तू सांगतोस. तुला ते ठाऊक आहे का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग रेघ मार. रेघ म्हणजे माहीत नाही. आणि बेरजेखाली लिही, अमुक तालुका वगळून.’’

मी शून्ये खोडली, रेघा ओढल्या. त्या वयात मला तो म्हाताऱ्या माणसाचा काटेकोरपणा वाटला. रेघ काय नि शून्य काय, बेरीज तर तीच येत होती!

त्यातला फरक मला कळला तो दोन वर्षांनी. त्याच तालुक्यातले एक प्राथमिक शिक्षक निवृत्त झाले आणि भविष्य निर्वाह निधीच्या पैशांसाठी आमच्या कचेरीत येऊ लागले. त्यांच्या पगारातून दरमहा वर्गणी कापली गेली होती. पण कापलेल्या रकमांच्या याद्या तालुक्याहून जिल्ह्याला आल्याच नव्हत्या. त्यामुळे त्यांच्या खात्यावर त्या वर्षांची जमा दिसेना. कचेरीच्या भाषेत याला ‘मिसिंग क्रेडिट’ म्हणतात. गुरुजी समोरच्या बाकावर बसून विचारायचे, ‘‘साहेब, माझे पैसे गेले कुठे?’’ मी काय सांगणार? पैसे कापले गेले हे खरे आणि जमा झालेले दिसत नाहीत हेही खरे. आमच्या गोषवाऱ्यात मी ओढलेली ती रेघ होती ना, तिच्या मागे गुरुजी बसलेले होते.

हे सगळे आज पुन्हा आठवायचे कारण इंग्लंडात घडलेली एक गोष्ट. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी ब्रिटिश सरकारने २०२२-२३ या वर्षाचा संपूर्ण सरकारचा एकत्रित हिशोब प्रसिद्ध केला. ‘होल ऑफ गव्हर्नमेंट अकाउंट्स’ हे त्याचे नाव. मंत्रालये, सरकारी दवाखाने, शाळा, नगरपालिका, पोलीस, अग्निशमन दल, सरकारी कंपन्या अशा दहा हजारांहून अधिक संस्थांचे हिशोब एकत्र करून तो बनतो. इतका मोठा एकत्रित हिशोब मांडून, तपासून घेऊन प्रसिद्ध करणारे देश जगात मोजकेच. आणि त्या हिशोबावर त्या देशाचे महालेखापरीक्षक गॅरेथ डेव्हिस यांनी लिहिले की, यावर मला मत देता येत नाही. हिशोब चूक आहे असे ते म्हणाले नाहीत. बरोबर आहे की चूक, हे ठरवण्याइतका पुरावाच माझ्यापुढे नाही, असे ते म्हणाले. या हिशोबाच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले. पुढच्या, म्हणजे २०२३-२४ च्या हिशोबावरही त्यांना तेच लिहावे लागले.

ज्या देशाने आपल्याला सरकारी हिशोबाची चौकट दिली, त्याच देशात हे का घडले, हे समजून घेण्यासारखे आहे. त्यासाठी थोडे मागे जाऊ. थोडे म्हणजे साडेनऊशे वर्षे!

इ.स. १०८५ च्या नाताळात इंग्लंडचा राजा विल्यम याने ग्लॉस्टर येथे आपल्या सरदारांशी मसलत केली आणि साऱ्या देशाची मोजदाद करायचे ठरवले. कुणाकडे किती जमीन, किती नांगर, किती गिरण्या, किती कुरणे, आणि त्यातून राजाचे किती येणे. १०८६ मध्ये राजाची माणसे देशभर फिरली. त्या नोंदींचे जे बाड झाले ते ‘डोम्सडे बुक’. आज ते लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

गंमत अशी की, या बाडात लंडनच नाही. राज्यातले सर्वांत मोठे शहर! त्याच्यासाठी म्हणून मिडलसेक्स परगण्याच्या आरंभी जागा कोरी सोडलेली दिसते, पण ती भरली कधीच गेली नाही. विंचेस्टरचेही तसेच. उत्तरेकडचे डरहॅम आणि नॉर्थम्बरलँड या मोजणीतच आले नाहीत. आणि एसेक्स, नॉरफोक, सफोक या तीन परगण्यांच्या नोंदी मुख्य ग्रंथात संक्षेप होऊन आल्याच नाहीत. मूळचा लांबलचक मसुदा तसाच दुसऱ्या ग्रंथात बांधून ठेवला गेला. आमच्या कचेरीतल्या कुणालाही हे ओळखीचे वाटेल. मुख्य गोषवारा तयार, पण तीन तालुक्यांचे कागद अजून आहेत तसेच.

तरीही डोम्सडेच्या कारकुनांना मी मानतो. त्यांनी लंडनच्या जागी शून्य लिहिले नाही. जागा कोरी ठेवली. आज साडेनऊशे वर्षांनी आपल्याला कळते की तिथे काहीतरी यायचे होते.

पुढची कित्येक शतके इंग्लंडच्या खजिन्याचा हिशोब चौकटीच्या कापडावर सोंगट्या मांडून आणि खाचा पाडलेल्या लाकडी काठ्यांवर चालला. त्या चौकटीच्या कापडावरूनच खजिन्याला ‘एक्स्चेकर’ नाव पडले. काठी उभी चिरायची, अर्धी देणाऱ्याकडे, अर्धी घेणाऱ्याकडे. पुढे हिशोबाच्या दिवशी दोन्ही भाग जुळले पाहिजेत. या काठ्यांची पद्धत १८२६ मध्ये थांबली. साठलेल्या जुन्या काठ्यांचे करायचे काय? १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या संसदेच्या तळघरातल्या भट्टीत घालून जाळल्या, आणि त्या आगीत संसदेची इमारतच जळाली. जुने हिशोब घाईने निकालात काढू नयेत, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

पण खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे. अठराव्या शतकात इंग्लंडच्या लष्कराचे पैसे वाटणारा एक अधिकारी असे, पेमास्टर जनरल. सरकार त्याच्या हाती रोकड देई आणि तो सैन्याचे पगार, रसद वगैरे भागवी. खर्च न झालेली शिल्लक हिशोब मंजूर होईपर्यंत त्याच्याचकडे राही. आता हिशोब मंजूर व्हायला दहा-पंधरा वर्षे लागली तर? तोवर त्या शिलकीचे व्याज त्याच्या खिशात! हेन्री फॉक्स हा १७५७ ते १७६५ या काळात त्या पदावर होता. १७७४ मध्ये तो वारला, तेव्हाही त्याचे हिशोब निकालात निघालेले नव्हते. त्याने त्यावर मोठी माया जमवली. आणि हे तेव्हाच्या रिवाजाला धरूनच होते. त्याच्या काही वर्षे आधी याच पदावर असलेल्या थोरल्या विल्यम पिटने असल्या व्याजाला हात लावला नाही, म्हणून लोकांना त्याचे केवढे अप्रूप वाटले.

म्हणजे बघा, डोम्सडेत हिशोबाची जागा कोरी राहिली आणि काम तिथेच थांबले. फॉक्सच्या काळात जागा कोरी राहिली, कारण कोरी राहण्यात कुणाचा तरी फायदा होता.

अमेरिकेतल्या युद्धात पैसा पाण्यासारखा जाऊ लागला तेव्हा लोक जागे झाले. १७८० मध्ये सार्वजनिक हिशोब तपासायला एक आयोग नेमला गेला. १७८२ मध्ये एडमंड बर्कच्या पुढाकाराने पेमास्टरच्या हातातली रोकड बँक ऑफ इंग्लंडमध्ये ठेवण्याचा कायदा झाला. आणि १७८७ मध्ये थोरल्या पिटचा मुलगा, धाकटा विल्यम पिट, पंतप्रधान असताना एक मोठी सुधारणा झाली. तोवर प्रत्येक कराचे निराळे खाते आणि प्रत्येक खात्यावर निराळे कर्ज असे. एकूण राज्याकडे किती आहे, हे एका कागदावर दिसतच नसे. पिटने सगळी जमा एका निधीत आणली. त्याला नाव दिले ‘कन्सॉलिडेटेड फंड’. आपल्या राज्यघटनेच्या २६६ व्या अनुच्छेदात ‘भारताचा एकत्रित निधी’ आहे, त्याचे मूळ हे.

१८६६ मध्ये ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना आणखी एक पाऊल पडले. प्रत्येक खात्याने वर्षाचा हिशोब द्यायचा आणि तो एका स्वतंत्र अधिकाऱ्याने तपासून संसदेपुढे ठेवायचा, असा कायदा झाला. तो अधिकारी म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षक. खजिन्यातून पैसे सोडायला परवानगी देणे हे नियंत्रकाचे काम आणि नंतर खर्च तपासणे हे लेखापरीक्षकाचे. आपल्याकडे पदाचे नाव तेच आले. मात्र पैसे सोडण्याचे काम आपल्या महालेखापरीक्षकांकडे नाही. नावातला ‘नियंत्रक’ तेवढा उरला आहे.

विसाव्या शतकात सरकार अवाढव्य झाले. दवाखाने, शाळा, घरे, रस्ते, रेल्वे. प्रत्येक संस्थेचा हिशोब होता, पण सगळे मिळून सरकारकडे आहे किती आणि देणे किती, हे सांगणारा एक कागद नव्हता. २००० साली ब्रिटनमध्ये तसा कायदा झाला आणि पहिला तपासलेला एकत्रित हिशोब, २००९-१० या वर्षाचा, नोव्हेंबर २०११ मध्ये बाहेर आला. व्यापारी पेढीसारखा ताळेबंद. त्यातून दिसले की, सरकारची देणी मालमत्तेपेक्षा सुमारे १.२ लाख कोटी पौंडांनी जास्त आहेत. त्यातले सर्वांत मोठे देणे कुठले? शिक्षक, परिचारिका, सैनिक, कारकून यांना पुढे द्यायच्या निवृत्तिवेतनाचे. ते एकटेच १.१ लाख कोटी पौंडांहून अधिक होते. सरकारी कर्जाचा जो आकडा वर्तमानपत्रांत छापून येई, त्यात हे देणे कधी दिसतच नव्हते.

त्या पहिल्या हिशोबातही गाळलेल्या जागा होत्या. आर्थिक संकटात सरकारने वाचवलेल्या मोठ्या बँका त्यात नव्हत्या. रेल्वेमार्ग सांभाळणारी नेटवर्क रेल ही संस्थाही नव्हती. अर्थखात्याचे म्हणणे, ती सरकारी गणतीत येत नाही. लेखापरीक्षकांचे म्हणणे, यायला हवी. त्यांनी तसा शेरा मारला आणि दरवर्षी मारत राहिले. पुढे नेटवर्क रेलला सरकारी संस्था मानले गेले आणि ती हिशोबात आली. म्हणजे ही रेघ होती, पण नाव लिहिलेली रेघ होती. ‘अमुक वगळून’. वाचणाऱ्याला कळत होते.

मग दहा-बारा वर्षांत असे काय झाले की, लेखापरीक्षकांना मतच देता येईना?

याचे उत्तर लंडनच्या मंत्रालयांत सापडत नाही. ते गावोगावच्या नगरपालिकांत आहे. इंग्लंडच्या स्थानिक संस्थांचे हिशोब तपासण्याची व्यवस्था १९८३ पासून ऑडिट कमिशन नावाच्या एका संस्थेकडे होती. कुठल्या नगरपालिकेला कुठला लेखापरीक्षक, फी किती, काम कसे, वेळेवर होते की नाही, हे सगळे ती पाही. ती फार पसरली आहे, नाही ते आकडे मागते, अशी तक्रारही होती. ऑगस्ट २०१० मध्ये मंत्री एरिक पिकल्स यांनी ती बंद करण्याचे जाहीर केले. दरवर्षी कोट्यवधी पौंड वाचतील असे सांगितले गेले. मार्च २०१५ अखेर ऑडिट कमिशनला कुलूप लागले. तिची कामे निरनिराळ्या संस्थांत वाटली गेली. तपासणी खासगी हिशोब-कंपन्यांकडे गेली, फी उतरली, आणि साऱ्या व्यवस्थेवर नजर ठेवणारे असे एक कुणी राहिले नाही.

पहिली दोन-तीन वर्षे काही बिघडले नाही. अशा गोष्टी लगेच बिघडत नाहीतच. २०१७-१८ च्या हिशोबापासून तपासणीची मुदत ३० सप्टेंबरऐवजी ३१ जुलै केली गेली. पुढे खासगी क्षेत्रात काही मोठ्या कंपन्या बुडाल्या, तेव्हा लेखापरीक्षकांवर काटेकोरपणाचा दबाव वाढला. काम वाढले, फी तीच, अनुभवी माणसे मिळेनात. २०१८-१९ मध्ये सुमारे ४० टक्के तपासण्या मुदतीत झाल्या नाहीत. सर टोनी रेडमंड यांनी सप्टेंबर २०२० मध्ये अहवाल देऊन सांगितले की, या कामाला पुन्हा एक धनी हवा. तोवर करोना आला होता. मग तुंबलेले काम असे वाढले की, २०२२-२३ च्या ४६७ तपासण्यांपैकी मुदतीत, म्हणजे ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत, फक्त ५ झाल्या. मागची सगळी थकबाकी धरून ९१८ तपासण्या शिल्लक होत्या.

याच काळात नगरपालिका कोसळायला लागल्या होत्या, हे विशेष. वोकिंग हे लंडनच्या नैर्ऋत्येचे लाखभर वस्तीचे गाव. भोपाळच्या शाहजहान बेगमच्या देणगीतून १८८९ मध्ये उभी राहिलेली मशीद तिथे आहे. या गावाच्या परिषदेने कर्ज काढून टोलेजंग इमारती आणि हॉटेल बांधायला घेतले. जून २०२३ मध्ये तिच्या वित्त अधिकाऱ्याने कायद्याने नोटीस काढली की, खर्च भागवता येत नाही. खड्डा १२० कोटी पौंडांचा आणि वर्षाला मिळणारा मुख्य निधी १ कोटी ६० लाखांचा! सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅमने तशीच नोटीस काढली. हे सुमारे ११ लाख वस्तीचे शहर. समान वेतनाची जुनी देणी अंगावर आली होती आणि एप्रिल २०२२ मध्ये बसवलेली संगणकीय हिशोब-व्यवस्था अशी बिघडली होती की, खात्यांचा मेळ बसेना. पुढच्या वर्षी तिथल्या रहिवाशांचा कर जवळजवळ १० टक्क्यांनी वाढला, शिवाय सेवांना कात्री लागली ती वेगळी.

तपासणी वेळेवर झाली असती तर हे सगळे टळले असते, असे मी म्हणणार नाही. लेखापरीक्षक काही चौकीदार नसतो. पण घरात धूर येतोय हे सांगणारे कुणीतरी हवे, आणि ते नेमके याच वर्षांत गैरहजर होते.

तुंबलेले काम निकालात काढायला सरकारने शेवटी एक कठोर उपाय केला. १३ डिसेंबर २०२४ ही तारीख ठरवून दिली. २०२२-२३ पर्यंतचे सगळे हिशोब त्या दिवशी बंद करायचे. तपासणी झाली असेल तर ठीक, नसेल तर लेखापरीक्षकाने ‘मत देता येत नाही’ असे लिहून मोकळे व्हायचे. शेकडो ठिकाणी तेच झाले. मला इथे त्या भट्टीत घातलेल्या काठ्या आठवल्या. नव्या वर्षाचे काम सुरू व्हावे म्हणून हे करणे भाग होते, हे मी समजू शकतो. पण त्या वर्षांचे खरे-खोटे आता बहुधा कधीच ठरणार नाही.

आता सगळ्या देशाच्या बेरजेचे काय झाले, ते पाहा. २०२२-२३ साठी इंग्लंडातल्या ४२६ स्थानिक संस्थांचे आकडे यायचे होते. त्यांपैकी तपासलेले, भरवशाचे आकडे आले ४३ संस्थांचे. १९६ संस्थांनी आकडे दिले, पण न तपासलेले. आणि १८७ संस्थांनी काहीच दिले नाही. दहातल्या एका संस्थेवरच विसंबावे, अशी स्थिती.

कुणी म्हणेल, बाकीचे सरकार तर हिशोबात आहे ना? तेवढे तरी बरोबर धरू. पण एकत्रित हिशोबाची गोम अशी की, एका ठिकाणची उणीव दुसऱ्या ठिकाणचा आकडाही बिघडवते. एकत्र कुटुंबाचे उदाहरण घ्या. वडिलांनी मुलाला घरखर्चाला हजार रुपये दिले. वडिलांच्या वहीत ते खर्च, मुलाच्या वहीत जमा. सगळ्या घराचा हिशोब मांडताना ही देवघेव वजा करावी लागते, कारण पैसा घरातच राहिला. मुलाची वहीच आली नाही, तर वडिलांच्या वहीतला हजाराचा खर्च तसाच उभा राहतो. त्याचे पुढे किराणा झाले, फी भरली की शिल्लक आहे, काही कळत नाही. वडिलांची वही चोख असूनही घराचा हिशोब चुकतो. सरकार नगरपालिकांना दरवर्षी प्रचंड अनुदान देते. पावणेदोनशेहून अधिक मुलांच्या वह्याच नाहीत म्हटल्यावर बेरजेखाली सही कशी करणार?

मी मघाशी डोम्सडेचे आणि फॉक्सचे सांगितले. यावेळची कोरी जागा तिसऱ्या प्रकारची होती. इथे मजल पोचत नव्हती असे नाही, आणि कुणी व्याज खात होते असेही नाही. ते काम वेळेवर होते की नाही हे पाहणे कुणा एकाचे उरले नव्हते, एवढेच. एक कचेरी बंद केली त्या वर्षी बचत दिसली. तिचा खर्च पुढे कुठल्याच रकान्यात दिसला नाही. तो दिसला एकदम दहा वर्षांनी, न आलेल्या आकड्यांच्या रूपाने. ब्रिटिश सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये स्थानिक लेखापरीक्षणासाठी पुन्हा एक कार्यालय काढायचे जाहीर केले आणि २०२५ मध्ये त्यासाठीचे विधेयक संसदेत मांडले. कुलूप लावल्याला तेव्हा दहा वर्षे झाली होती.

आपण दुसऱ्याच्या घरातले हे वाचून हसावे, अशी आपली स्थिती नाही. केंद्र आणि राज्ये यांच्या हिशोबांचे एकत्रित खंड आपले महालेखापरीक्षक काढतात, पण महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती यांचे ताळेबंद धरून साऱ्या सार्वजनिक क्षेत्राचा एक हिशोब आपल्याकडे होत नाही. इंग्लंडने निदान रेघ ओढली. आपल्याकडे तो रकानाच आखलेला नाही. एक चांगली गोष्ट मात्र झाली. २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने अट घातली की, स्थानिक संस्थांना अनुदान हवे असेल तर आदल्या वर्षाचा कच्चा आणि त्याच्या आदल्या वर्षाचा तपासलेला हिशोब लोकांना इंटरनेटवर पाहता आला पाहिजे. आपल्या ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा हिशोब तिथे आहे का, हे एकदा जरूर पाहा. आकडे नाही समजले तरी चालेल. कुठले वर्ष गाळले आहे, एवढे बघितले तरी पुष्कळ आहे.

गुरुजींचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. चौदा महिने त्यांनी खेटे घातले. तालुक्याच्या कचेरीतले गठ्ठे आम्ही उपसले. बहुतेक याद्या मिळाल्या, पण चार महिन्यांच्या मिळाल्याच नाहीत. शेवटी गुरुजींनीच एक कापडी पिशवी आणली. नोकरी लागल्यापासूनची प्रत्येक महिन्याच्या पगाराची चिठ्ठी त्यांनी दोऱ्याने ओवून ठेवली होती. त्या चार चिठ्ठ्यांवर कापलेली वर्गणी लिहिलेली होती, खाली सही-शिक्का होता. त्या पुराव्यावर त्यांचे पैसे मंजूर झाले.

फाइल पुढे पाठवताना मी लेखाधिकाऱ्यांना म्हणालो, ‘‘साहेब, त्या वर्षी मी शून्यच ठेवले असते तर?’’

ते म्हणाले, ‘‘तर त्या तालुक्याचे कागद शोधायला कुणी गेलेच नसते.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)